आधी ड्रॉईंग, मग सुनावणी

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही, हे सांगायला भूगोलाचं पुस्तक उघडायची गरज नाही. मुंबईचा किनारा इथून साडेसहाशे किलोमीटरच्या पुढे. आपल्याकडे पाणी म्हणजे बेंबळा, अरुणावती, अडाण, पूस आणि इसापूर. तेव्हा मासिकाच्या मराठी विभागात समुद्राच्या नियोजनावर लेख कशाला, असं कोणी विचारलं तर त्यात काही वावगं नाही. (हॉस्टेलवर विचारलंच गेलं. "काऊन बे, इथं नाल्याले पाणी नाही अन् तू समुद्र घेऊन बसला!")

पण जरा आजूबाजूला बघा. सिव्हिलची बॅच पास आऊट झाली की त्यातली बरीच पोरं पुणे-मुंबई गाठतात. समुद्रात भराव कुठपर्यंत टाकायचा, जेट्टी कुठे काढायची, पुलाचा खांब कुठे उभा करायचा, असल्या कामाच्या कंपन्यांत आणि कन्सल्टंटच्या ऑफिसात आपल्यासारखीच पोरं ऑटोकॅड उघडून बसलेली असतात. समुद्र आपला नसेल, पण ड्रॉईंग आपल्या हातचं असतं. आणि माझी तक्रार ड्रॉईंगबद्दलच आहे.

समुद्रात काही करायचं ठरलं की तिथल्या लोकांना विचारायचा कायदा आपल्याकडे आहे. लोकांना बोलावतात, मांडव घालतात, माईक देतात, व्हिडिओ शूटिंगसुद्धा करतात. फक्त हे सगळं ड्रॉईंग पक्कं झाल्यावर होतं. आपल्या मेसमधली सूचना वही आठवा. वही खिळ्याला टांगलेली, पेन सुतळीने बांधलेला, आणि मेनू मात्र महिन्याच्या एक तारखेलाच ठरलेला. वहीत कोणी काहीही लिहा, मंगळवारी वांग्याची भाजीच येणार.

वरळीचं उदाहरण घेऊ, कारण ते अगदी आपल्या विषयाचं आहे. मुंबईचा कोस्टल रोड म्हणजे प्रिन्सेस स्ट्रीटच्या उड्डाणपुलापासून वांद्रे-वरळी सी लिंकच्या वरळीकडच्या टोकापर्यंतचा साडेदहा किलोमीटरचा रस्ता. तो सी लिंकला जोडायचा तर वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरासमोर पाण्यात खांब येतात. कोळ्यांच्या बोटी याच पाण्यातून समुद्रात जातात आणि परत येतात. मूळ डिझाईनमध्ये दोन खांबांतलं अंतर साधारण ६० मीटर होतं. कोळ्यांची मागणी होती २०० मीटरची.

हे पहिल्यांदा वाचल्यावर आपल्यापैकी कोणालाही कोळी हट्टाला पेटलेत असंच वाटेल. बोट असून असून किती रुंद असणार? चार-पाच मीटर धरा. म्हणजे ६० मीटरमधून दहा बोटी शेजारी-शेजारी लावल्या तरी जागा उरते. महापालिकासुद्धा तज्ज्ञांच्या अहवालाचा आधार देऊन ६० मीटर पुरेसे आहेत असंच सांगत होती. कागदावर हिशेब बरोबर आहे. व्हायव्हाला पूर्ण मार्क!

पण बोट म्हणजे आर्णी रोडवरची एस.टी. नव्हे. तिला लेन नसते आणि ब्रेकही नसतो. आडवा वारा आला की ती नाक एकीकडे आणि जाणं दुसरीकडे अशी सरकते. पाण्याची वाट खांबांनी अडवली की उरलेल्या वाटेतून पाणी जोरात वाहतं. क्षेत्रफळ कमी झालं की वेग वाढतो, हे आपण सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये पाठ केलेलं आहे. खांबाच्या मागे भोवरे उठतात, तेही त्याच पुस्तकात आहे. त्यातून समोरून दुसरी बोट येत असली, किंवा नेमकं त्याच ठिकाणी इंजिन बंद पडलं, तर? किनाऱ्याजवळ पाण्याखाली खडक असले तर ओहोटीला दोन खांबांमधली सगळी रुंदी वापरताही येत नाही. शांत पाण्यात भरदुपारी मोजलेले ६० मीटर आणि पावसाळी वाऱ्यात, पहाटेच्या अंधारात, भरल्या बोटीतून दिसणारे ६० मीटर एक नसतात. हा दुसरा ६० मीटर कोळ्यांना माहीत होता. २००९ साली सी लिंक सुरू झाला, तेव्हापासून त्या परिसरातल्या खांबांशी त्यांची रोजची गाठ होती.

हे प्रकरण कोर्टातही गेलं होतं. १६ जुलै २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयाने कोस्टल रोडला दिलेली सीआरझेड मंजुरी रद्द केली. याचिका करणाऱ्यांत वरळीच्या कोळ्यांची सोसायटीसुद्धा होती. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि रस्त्याचं काम पुन्हा सुरू झालं. खांबांचा प्रश्न मात्र तिथेच राहिला. २०२१ च्या अखेरीस कोळ्यांनी बोटी घालून बंदरासमोरचं काम थांबवलं आणि तो भाग वर्षभराहून जास्त काळ अडून राहिला. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये त्या वेळचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी मधला एक खांब काढून १२० मीटरचा स्पॅन ठेवायचं जाहीर केलं.

मग डिझाईन बदललं आणि बो-स्ट्रिंग आर्च आली. २६ एप्रिल २०२४ ला १३६ मीटर लांबीचा, सुमारे २,००० टनांचा पहिला गर्डर बार्जवरून आणून बसवला. मे महिन्यात दुसरा आला, १४३ मीटरचा आणि सुमारे २,५०० टनांचा. सप्टेंबर २०२४ मध्ये सी लिंकची जोडणी वाहतुकीला खुली झाली. भरती-ओहोटीचं गणित सांभाळून समुद्रात अडीच हजार टन जागेवर बसवणं हे येड्यागबाळ्याचं काम नाही. ज्यांनी ते केलं त्यांना सलाम. पण फायनल इयरच्या सेमिनारमध्ये उद्या कोणी ही आर्च दाखवली, तर ती तिथे का आहे हेसुद्धा सांगावं. ती कुठल्या सॉफ्टवेअरमधून निघालेली नाही. बंदरावरच्या माणसांनी आपली मजुरी बुडवून, बोटी आडव्या घालून ती मिळवली आहे. मागितले २०० आणि मिळाले १२०, हेही विसरायला नको.

आता माझा प्रश्न साधा आहे. अलाइनमेंट ठरायच्या आधी, पेन्सिलने रेघ मारायच्या वेळी, क्लीव्हलँड बंदरावर जाऊन दोन दिवस बसलं असतं तर? पावसाळ्याच्या सुरुवातीला आठ-दहा फेऱ्या बोटीतून मारल्या असत्या तर? १२० मीटरचा आकडा तेव्हाच कळला असता. तेव्हा तो बदलायला खोडरबर पुरला असता. नंतर त्याला वर्षभराचं बंद पडलेलं काम आणि अडीच हजार टनांचं लोखंड लागलं.

आपल्याला शिकवतात की डिझाईनच्या आधी सर्व्हे. मातीचे नमुने घ्या, लेव्हल घ्या, पावसाची ३० वर्षांची आकडेवारी घ्या. मग त्याच पाण्यातून तीस वर्षं बोट चालवणाऱ्या माणसाची माहिती सर्व्हेत का धरत नाहीत? तिला 'लोकांच्या भावना' म्हणतात आणि वेगळ्या फाईलला लावतात. समुद्र कुठे कधी बिघडतो, मासळी अंडी घालायला कुठल्या खाडीत येते, उधाणाच्या भरतीला पाणी कुठवर चढतं आणि भांगाला किती, हे कोळी तिथीवरून सांगतो. तो डेटाच आहे. एक्सेल शीटमध्ये नाही, एवढंच.

आणि इथे आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला पटकन समजेल अशी एक अडचण आहे. समुद्राला सातबारा नाही.

आपल्याकडे रस्त्यात किंवा धरणात शेत गेलं तर निदान कागद असतो. तलाठ्याकडे नोंद असते. मोबदला कमी मिळेल, उशिरा मिळेल, कोर्टकचेरी होईल, पण हा माणूस बाधित आहे हे सिद्ध करायची सोय असते. कोळ्याचं शेत पाण्यावर. त्याच्या नकाशात तिथे काही लिहिलेलं नसतं. म्हणून नियोजनाच्या नकाशात ती जागा कोरी दिसते, आणि कोरी जागा दिसली की आपल्या जातीच्या माणसाला (म्हणजे इंजिनिअरला) काहीतरी काढायची इच्छा होतेच.

प्रत्यक्षात ती जागा कोरी नसते. पालघर-वसईकडे डोल नावाचं जाळं लावतात. समुद्रात खुंट रोवून, पाण्याच्या ओढीच्या तोंडावर पिशवीसारखं बांधायचं जाळं. त्या लावायच्या जागेला 'कव' म्हणतात. कुठली कव कोणाची, हे कुठल्याही सरकारी रजिस्टरात न लिहिता पिढ्यान्‌पिढ्या पाळलं जातं. कोणी दुसऱ्याच्या हद्दीत कव मारली की भांडणं होतात. सातपाटी-डहाणूकडचे मच्छीमार आणि वसई-उत्तनकडचे मच्छीमार यांच्यात कवींवरून जुना वाद आहे. बांधावरून भावाभावांत होतो तसाच. आता ज्या पाण्यात बांधावरून भांडणं होतात ते पाणी मोकळं कसं म्हणायचं?

कागद नसला तरी हक्क असतो, हे न्यायालयांनी मान्य केल्याचीही उदाहरणं आहेत. उरणच्या मच्छीमारांनी जेएनपीटीच्या बंदराच्या कामाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या बाबतीत २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने मच्छीमारांचा परंपरागत हक्क मानून भरपाईचं धोरण ठरवायला सांगितलं. पण भरपाई ही नंतरची गोष्ट. पाण्यात भराव पडून गेला की कव परत येत नाही.

आता जनसुनावणीचा कायदा थोडा बघू, कारण आपल्या एन्व्हायर्नमेंटच्या पेपरात तो पाच मार्कांना येतो आणि आपण तो पाच मार्कांपुरताच वाचतो. १४ सप्टेंबर २००६ ची ईआयए अधिसूचना. मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने घ्यायची. ३० दिवस आधी पेपरात जाहिरात द्यायची. जागा प्रकल्पाच्या ठिकाणी किंवा त्याच्या जवळ असावी. अध्यक्षस्थानी कलेक्टर किंवा त्यांचा प्रतिनिधी. लोकांनी काय म्हटलं त्याचा वृत्तांत स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा. वाचायला छान आहे. पण गणसंख्येची अट नाही. दहा माणसं आली तरी सुनावणी झाली. पूर्ण अहवाल इंग्रजीत, मराठीत फक्त सारांश. शेकडो पानांच्या अहवालातला भरती-ओहोटीच्या प्रवाहाचा भाग सातपाटीच्या नाखव्याने वाचायचा कसा? आपल्याला वाचता येत नाही, तर! आणि सुनावणी होते ती ईआयएचा मसुदा तयार झाल्यावर, म्हणजे जागा, आकार, क्षमता सगळं ठरल्यावर.

भाषेचा मुद्दा किरकोळ नाही. २०२० मध्ये केंद्राने या अधिसूचनेचा नवा मसुदा हरकतींसाठी इंग्रजी-हिंदीत काढला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जूनला तो आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांत उपलब्ध करा असं सांगितलं. केंद्राने त्यालाही आव्हान दिलं. लोकांच्या हरकती मागवायच्या आणि लोकांच्या भाषेला हरकत घ्यायची, असा तो प्रकार.

या सगळ्याचं ताजं आणि सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे डहाणूजवळचं वाढवण बंदर. त्याच्या तारखा नुसत्या एकाखाली एक वाचा. केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०२०. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाची परवानगी जुलै २०२३. जनसुनावणी १९ जानेवारी २०२४, पालघरला. पर्यावरण मंजुरी फेब्रुवारी २०२४. मंत्रिमंडळाची अंतिम मंजुरी जून २०२४, खर्च ७६,२२० कोटी. भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४. म्हणजे मंत्रिमंडळाने तत्त्वतः होकार दिल्यावर चार वर्षांनी गावाला विचारलं, आणि विचारल्यावर महिनाभरात मंजुरी आली. त्या दिवशी तिथे कोणी काय बोललं यामुळे बंदराची जागा बदलेल अशी कोणाची अपेक्षा असेल असं वाटत नाही. बोलणाऱ्यांचीही नसावी.

बंदराच्या बाजूने बोलण्यासारखं आहे. तिथे सुमारे २० मीटरची नैसर्गिक खोली मिळते, जी मोठ्या कंटेनर जहाजांना लागते आणि देशात मोजक्याच ठिकाणी आहे. नोकऱ्या येतील, कदाचित आपल्यातल्याही कोणाला. मी बंदर नकोच असं म्हणायला बसलेलो नाही. पण समुद्रात सुमारे १,४५० हेक्टर भराव टाकायचा आहे, तेही पापलेट आणि घोळ यांच्यासाठी नावाजलेल्या पाण्यात. तिथल्या माणसाला 'नको' म्हणायची, किंवा 'इथे नको, तिथे घ्या' म्हणायची खरी संधी कोणत्या तारखेला होती, ते मला वरच्या यादीत सापडत नाही.

अशी संधी पूर्वी एकदा मिळाली होती, म्हणून हे जास्त लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये डहाणूचं ते प्राधिकरण नेमलं गेलं. त्याचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी, नागपुरात वकिली केलेले, आपल्या विदर्भाचे. याच वाढवणला तेव्हा एका परदेशी कंपनीचं बंदर होऊ घातलं होतं. प्राधिकरणाने लोकांचं ऐकून घेतलं आणि १९९८ मध्ये बंदराला परवानगी नाकारली. निर्णय पटो न पटो, त्या वेळी विचारण्याला अर्थ होता, कारण उत्तर दोन्हीकडे जाऊ शकत होतं. धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले. चार वर्षांनी त्याच प्राधिकरणाने त्याच जागेच्या बंदराला परवानगी दिली.

कोणी म्हणेल, हे बंदरवाल्यांचं आणि रस्तेवाल्यांचं झालं, निसर्ग वाचवणाऱ्यांचं तसं नसतं. तसंच असतं! मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचं पाणी धरून. उद्देश उत्तम. प्रवाळ आहे, मासळीची पिल्लं वाढायची जागा आहे. पण हद्द आखली ती कागदावर, आणि मच्छीमारांना कळलं एवढंच की आता आपली मासेमारी बंद होणार. तेव्हापासून त्यांचा विरोध आहे, आणि कित्येक वर्षं ते अभयारण्य नावापुरतंच राहिलं. टिपेश्वरच्या कडेच्या गावांत अभयारण्य म्हटल्यावर काय बोलतात ते ज्यांनी ऐकलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पुढे २०११ ते २०१७ या काळात सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने एक प्रकल्प झाला, त्यात थोडा वेगळा रस्ता दिसला. ट्रॉलरवाल्यांशी बोलून जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटरची चौकोनी आसं बसवली. नेहमीची आसं ओढल्यावर मिटतात, चौकोनी उघडी राहतात, आणि बारकी पिल्लं निसटून जातात. बारीक मासळी गेल्याने फार तोटा होत नाही आणि ओढायचं वजन कमी झाल्याने डिझेल वाचतं, हे बोटवाल्यांना स्वतः बघून पटलं तेव्हा त्यांनी जाळी बदलली. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बायकांचा बचत गट कांदळवनातून पर्यटकांना होडीतून फिरवू लागला. आता ते कांदळवन तोडायला कोणी आलं तर आधी त्या बायका आडव्या येतील, वनखातं मागाहून.

आता दुसरी बाजू, कारण ती सोडली तर लेख भाबडा होईल. 'लोकांना विचारा' म्हणणं सोपं आहे. लोक एक नसतात. त्याच मालवणच्या किनाऱ्यावर एकीकडे रापण ओढणारे आहेत, म्हणजे किनाऱ्यावरून शेकडो हात लावून जाळं ओढणारे, आणि दुसरीकडे पर्ससीन जाळ्याने मासळीचा सगळा थवा एका घेऱ्यात उचलणारे. दोघेही मच्छीमार, दोघांनाही कर्ज, दोघांचीही पोरं शाळेत. यांच्यात समुद्रातच हाणामाऱ्या झाल्या आहेत. राज्य सरकारने नेमलेल्या सोमवंशी समितीच्या अहवालावर ५ फेब्रुवारी २०१६ ला आदेश निघाला, पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे आणि मासेमारीचे महिने मोजकेच ठेवायचे. एक बाजू खूश, दुसरी कोर्टात. दोघांना विचारून दोघांच्या मनासारखं होणार नव्हतंच. कोणाला तरी ठरवावं लागतं, आणि ठरवणाऱ्याने कारण लिहून द्यावं लागतं. लोकसहभाग म्हणजे हात वर करून मतदान नव्हे.

हे जमतं का? ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर जमवलं. तिथे मासेमारीला पूर्ण बंदी असलेला भाग पाच टक्क्यांहूनही कमी होता, तो २००४ पासून ३३ टक्के केला. त्याआधी दोन फेऱ्यांत लोकांकडून ३१ हजारांवर लेखी म्हणणी आली. महत्त्वाचं म्हणजे पहिल्या फेरीच्या वेळी नकाशा काढलेलाच नव्हता. आधी विचारलं, मग मसुदा काढला, पुन्हा विचारलं, आणि अंतिम नकाशात रेषा हलल्या. सगळं गोड झालं नाही. मासेमारांच्या भरपाईचा खर्च आधीच्या अंदाजाच्या कितीतरी पट गेला. पण तो नकाशा टिकला. आपल्या देशातही पुदुच्चेरीच्या समुद्राचा असा आराखडा नॉर्वेच्या सहकार्याने प्रयोग म्हणून करायला घेतला आहे. महाराष्ट्राला ७०० किलोमीटरच्या वर किनारा आहे. त्यात बंदरं, तेलाच्या विहिरी, केबल, पर्यटन, नौदल, कांदळवन आणि मासेमारी, सगळे एकाच पाण्यात दाटीने बसलेत. आपल्याकडे असा एकत्र आराखडा निघेल तेव्हा कव, रापणीच्या जागा आणि बोटींच्या वाटा पहिल्याच कागदावर काढल्या पाहिजेत. मराठीत, आणि गावाचं नाव वाचता येईल एवढ्या मोठ्या स्केलवर. जी हरकत मान्य केली नाही तिच्यापुढे का केली नाही ते दोन ओळींत लिहिलं पाहिजे. एवढं जरी झालं तरी बोटी आडव्या घालायची वेळ पुष्कळ कमी येईल.

आणि आपल्या जिल्ह्याचं काय? निम्न पैनगंगेला १९९७ मध्ये मंजुरी मिळाली. आर्णी-घाटंजीकडच्या बुडिताच्या गावांचा विरोध किती वर्षं चाललाय ते इथल्या लोकल पोरांना विचारा. दोन्ही बाजू मांडायला वेगळा लेख लागेल. इथे फक्त एक बघा. धरणात ज्याचं शेत जातं त्याची नोंद होते. नदीत जाळं टाकणारा भोई, धिवर किंवा गावातला भूमिहीन मजूर यांचं नाव कुठल्या उताऱ्यावर शोधायचं? वरळीचा कोळी आणि पैनगंगेचा भोई, दोघांचीही जागा आपल्या ड्रॉईंगमध्ये पांढरी असते. म्हणून म्हटलं, समुद्र वाटतो तितका लांब नाही.

आपल्या हातात काय आहे? मंत्रिमंडळाची मंजुरी नाही, सर्व्हे कॅम्प आहे. दरवर्षी थर्ड इयरला आपण टोटल स्टेशन आणि लेव्हल घेऊन जातो, तलावाच्या कडेने काँटूर काढतो, फिल्ड बुक भरतो, आणि मागच्या वर्षीच्या शीटवरून उरलेलं पूर्ण करतो. (सरांना माहीत आहे, त्यामुळे लिहायला हरकत नाही.) त्या फिल्ड बुकात रीडिंगचे रकाने आहेत, माणसाला विचारायचा रकानाच नाही. सिव्हिल विभागाला माझी विनंती आहे की या वेळचा कॅम्प बेंबळ्याच्या जलाशयावर घ्यावा आणि एक दिवस इन्स्ट्रुमेंट बॉक्समध्येच ठेवावं. मच्छीमार सोसायटीच्या माणसांबरोबर होडीतून जायचं, जाळी कुठे लावतात, उन्हाळ्यात पाणी कुठवर मागे जातं, जुन्या नदीचा खोल भाग कुठे आहे, ते त्यांनी सांगायचं आणि आपण शीटवर काढायचं. दुसऱ्या दिवशी लेव्हल लावून त्यातलं किती जुळतं ते बघायचं. दहा मार्क त्याला ठेवावेत. जर्नलमध्ये कॉपी करता येणार नाही असा निदान एक प्रॅक्टिकल होईल.